पलंगाखालचं पीठ

सांगली

चि. मनू हीस मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे फोटो पाहिले. पहिले चार निरुपयोगी आहेत. त्यांत नुसता पलंग दिसतो आणि थोडा तुझा राग. पाचवा मात्र कामाचा. मागच्या पायाशी फरशीवर पिवळसर पिठाची ढिगुली आणि तिच्या वरच्या फळीत टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं. कंपनीचा मुलगा फोनवर म्हणाला की ही तुमच्या घरातली वाळवी आहे, वॉरंटीत बसत नाही. आणि मग तू त्याच्याशी बराच वेळ भांडलीस, असं ताई सांगत होती. भांडलीस याचं वाईट नाही, पण त्या भांडणाचा एक चिटोराही तुझ्या हातात नाही. त्या मुलाला समोरच्या पडद्यावर जे दिसतं ते वाचून दाखवायचा पगार मिळतो. पलंग बदलून द्यायचा अधिकार त्याला नाही, तुझ्यावर ओरडायचाही नाही, त्यामुळे त्याला गांजून तुझ्या पदरात काही पडायचं नाही. पण जाता जाता तो एक चांगलं काम करून गेलाय. 'वाळवी' म्हणाला. तुझं सगळं प्रकरण आता त्या एका म्हणण्यावर उभं आहे, म्हणून आधी लाकडाचं बोलतो, कायद्याचं मागाहून.

माझा जन्म वखारभागातल्या वखारीत गेला, एवढं तरी मला कळतं. वाळवी सहसा जमिनीतून नाहीतर भिंतीतून येते. उजेडात यायचं ती टाळते, म्हणून भिंतीवरून, पायावरून मातीची नळी बांधत चढते. लाकूड आतून खाते आणि पोकळीत माती भरते. वरून लाकूड धडधाकट दिसतं, बोटाने दाबलं की पापुद्रा आत जातो. ही वाळवी फरशीवर पीठ पाडत बसत नाही. किनारपट्टीला कोरड्या लाकडातच राहणारी दुसरी एक जात आढळते, तिची विष्ठा मात्र खाली पडते. पण ती खसखशीसारखी दाणेदार असते. तुझ्या पलंगाखालचं पीठ चिमटीत घेऊन चोळून बघ. मैद्यासारखं मऊ लागलं आणि आसपास मातीची एकही नळी नसली, तर वाळवीचं नाव घ्यायचं कारण नाही. ते भुंगेऱ्याचं काम. इंग्रजीत त्याला पावडर पोस्ट बीटल म्हणतात, आणि नाव अगदी कामावरून ठेवलंय.

आता हे नीट वाच. या भुंगेऱ्याची मादी अंडी घालते ती लाकडाच्या उघड्या, बारीक नळ्यांमध्ये. लाकूड कापून वखारीत किंवा कारखान्याच्या आवारात वाळत पडलेलं असतं तेव्हा तिला ही संधी मिळते. अंड्यातून निघालेली अळी लाकडातला स्टार्च खात महिनोन् महिने आत बोगदे करते. बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही. शेवटी भुंगेरा तयार झाला की पॉलिश फोडून बाहेर पडतो, तेव्हा ते भोक दिसतं आणि पीठ सांडतं. पॉलिशने बुजलेल्या पृष्ठभागावर मादीला अंडी घालता येत नाहीत. म्हणजे पहिल्या वर्षाच्या आत पॉलिश केलेल्या फळीतून भुंगेरे बाहेर पडत असतील, तर ते पॉलिशच्या आधीपासून आत होते असंच मानायला जागा आहे. तुमच्या फ्लॅटमध्ये ते आले नाहीत, पलंगाबरोबर आले. एक पळवाट कंपनीला आहे: पाट्यांच्या खालच्या बाजूला पॉलिश नसतं, तिथून नंतर लागण झाली असं ते म्हणू शकतात. म्हणून भोकं पॉलिशच्या बाजूला कुठे कुठे आहेत ते आधी टिपून ठेव.

आणखी एक. तू ताईला 'शीशम सांगून फसवलं' असं म्हणालीस. मला तसं वाटत नाही. फोटोतली ती फळी एका कडेला फिकट आहे, दुसऱ्या कडेला गडद. खोडाच्या सालीलगतचं फिकट लाकूड आणि मधलं गडद लाकूड एकाच झाडाचं असतं. स्टार्च असतो तो फिकटात, आणि भुंगेऱ्याला तोच हवा असतो. तुझी भोकंही फिकट भागातच आहेत. म्हणजे लाकूड सांगितलं तेच दिलंय. कसूर झाली ती फिकट भाग न काढण्यात, भट्टीत नीट न वाळवण्यात किंवा बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया न करण्यात. लाकूड वाळवण्यासाठी आयएस ११४१ आणि कीडप्रतिबंधासाठी आयएस ४०१ ही भारतीय मानकं कित्येक वर्षांपासून आहेत. तक्रारीत फसवणुकीचा आरोप केलास तर तो तुला सिद्ध करावा लागेल आणि ते शीशमचं प्रमाणपत्र नाचवतील. दोष आहे एवढंच म्हण. तेवढं पुरेसं आहे.

फुगलेल्या कपाटाची तक्रार मात्र सोडून दे. रागावू नकोस, पण ते बाथरूमच्या ओल्या भिंतीला खेटून कुणी ठेवलं? 'इंजिनिअर्ड वुड' म्हणजे तुझ्या कपाटात तरी पार्टिकल बोर्ड. लाकडाचा चुरा चिकटवून दाबलेला, वर कागदाची लॅमिनेट, कडेला टेपची पट्टी. पट्टी कुठे सुटली की पाणी आत शिरतं आणि बोर्ड फुगतो. एकदा फुगलेला परत बसत नाही. माहितीपत्रकात ओलाव्यापासून दूर ठेवा असं छापलेलं आहे, तो फोटो तूच पाठवलास. ही दुबळी तक्रार चांगल्या तक्रारीला जोडलीस तर ते उत्तर कपाटाचं देतील आणि पलंगाबद्दल गप्प बसतील. नवी पट्टी लावून घे, भिंतीपासून चार बोटं पुढे ओढ.

आता पलंगाकडे. फरशी पुसून घे, भोकांच्या खाली काळा कार्डशीट अंथर आणि दोन दिवस हात लावू नकोस. पुन्हा पीठ पडलं तर आत कीड जिवंत आहे याचा तो पुरावा. भोकाशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढ. थोडं पीठ छोट्या बाटलीत भरून झाकण लाव. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलव, पण औषध मारायला नाही, बघायला. वाळवी की भुंगेरा, हे त्याने लेटरहेडवर लिहून सही करून द्यावं. फी दे आणि पावती घे. औषधाचं इंजेक्शन एकदा मारलं की पुरावाही मेला. ज्या पानावरून ऑर्डर केलीस त्याचा स्क्रीनशॉट आजच काढ. वर्णनं बदलतात, कधी पानच नाहीसं होतं. जीएसटी बिल आणि वॉरंटीचा कागद एकत्र ठेव, आणि वॉरंटीतल्या अपवादांमध्ये नेमकं काय लिहिलंय ते मला शब्दशः पाठव. 'टर्माइट' असेल तर एक गोष्ट, 'इन्सेक्ट' असेल तर दुसरी. दुसरं असलं तरी बिचकू नकोस. कारखान्यातून आत आलेल्या किडीला नंतर लागलेल्या किडीत ढकलणं इतकं सोपं नाही.

मग ईमेल. छोटा लिही. काय घेतलं, केव्हा, कितीला, ऑर्डर क्रमांक, दोष काय, तो वाळवीचा का नाही, याची दोन कारणं, सोबत अहवाल आणि फोटो. मग मागणी एकच: पलंग बदलून द्या किंवा बावन्न हजार परत करा. आणि उत्तराची तारीख. पंधरा दिवस दे. वेबसाइटवर तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क असतोच. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी तो देणं बंधनकारक केलंय. ४८ तासांत तक्रार पोचल्याचं त्याने कळवायचं आणि महिन्याच्या आत ती निकाली काढायची, असं नियम म्हणतो. तू शोरूममध्ये जाऊन गादीवर बसून बघितलंस खरं, पण ऑर्डर वेबसाइटवरून दिलीस, ते इथे उपयोगी पडलं. ईमेल त्यालाच पाठव. ज्या पत्त्यावर 'कृपया उत्तर देऊ नका' असं लिहिलंय तिथे नको. 'रिटर्न विंडो सात दिवसांची होती' असं उत्तर येईल. ती मन बदललं तर परत करण्याची मुदत. महिनोन् महिने आत दडून बसलेला दोष सात दिवसांत दिसणार कसा, हे त्यांनाच विचार, तेही लेखीच.

मधल्या काळात फोन येतील. बोल, गोड बोल, आणि फोन ठेवल्यावर दहा मिनिटांत मेल कर: आज अमुक वाजता आपल्या अमुक प्रतिनिधींनी असं सांगितलं. या एका सवयीने कंपन्यांचा सूर बदलतो, हे मी पुष्कळदा पाहिलंय. पाच हजारांचं कूपन पुढे करतील. कूपन घेतलंस की प्रकरण मिटलं असं त्यांच्या नोंदीत जाईल. नको म्हण, आभार मानून. 'आमचा कारपेंटर पाठवतो' म्हणाले तर येऊ दे, पण भोकांत पुट्टी भरून वरून पॉलिश मारू देऊ नको. तुझा विश्वास बसणार नाही इतक्या वेळा तेवढ्यावरच भागवतात, आणि पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या फळीतून पुन्हा पीठ. जाताना तो जॉब कार्डवर सही मागेल. 'दोष कायम, दुरुस्ती केलेली नाही' असं तुझ्या अक्षरात लिही आणि मगच सही कर. कार्डाचा फोटो घे.

ईएमआय थांबवायचा विचार जावईबापूंच्या डोक्यात आलाय म्हणे. मुळीच नको. कर्ज दिलंय बँकेने, पलंग दिलाय दुकानाने. हप्ता चुकला तर सिबिल खराब होईल तुमचं, दुकानाला त्याचं सोयरसुतक नाही. आणि इन्स्टाग्रामवर लिहायचंच असेल तर जे घडलं तेवढंच लिही, विशेषणं गाळून. मला विचारशील तर पंधरा दिवस काहीच लिहू नको.

मुदत उलटून गेली तर १९१५. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. ते तक्रार नोंदवून कंपनीकडे पाठवतात. आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही, पण तिथून आलेला कागद कंपनीत बहुधा वेगळ्या टेबलावर जातो आणि बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

तिथेही नाही मिटलं तर पुणे जिल्हा ग्राहक आयोग. घाबरायचं काही नाही. २०१९ च्या कायद्यानुसार तू राहतेस त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय जोधपूरला असो की बंगळुरूला. मोजली जाते ती तू दिलेली किंमत. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य. वकील लागत नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या दाखल करता येते. दोष उघड झाल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे, तेव्हा घाई नाही, पण विसरूनही चालणार नाही. वस्तूची तपासणी प्रयोगशाळेत करायची गरज आयोगाला वाटली तर नमुना पाठवतात, आणि तपासणीची फी तुझ्याकडून भरून घेऊ शकतात. तुझी पिठाची बाटली आणि ती फळी तेव्हा लागेल. कायदा म्हणतो की निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यायचा प्रयत्न व्हावा. प्रत्यक्षात जास्त लागतात, हे तुला आधीच सांगून ठेवतो. बावन्न हजारांसाठी तेवढ्या फेऱ्या मारायच्या का, हे तुम्ही दोघांनी ठरवा. मारायच्या ठरल्या तर मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका. असे आकडे बघून समोरचा वकील खूश होतो.

हे सगळं तुला फोनवरच्या बटणांइतकं सहज मिळालंय, म्हणून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली तेव्हा ग्राहकाच्या हातात असा कायदाच नव्हता. पहिला ग्राहक संरक्षण कायदा आला १९८६ मध्ये. त्याआधी आमच्या वखारीत ओलं लाकूड नेलेला माणूस वडिलांसमोर येऊन उभा राहायचा आणि वडील मान खाली घालून ते परत घ्यायचे, कारण तो माणूस रोज देवळात भेटायचा. तुझा पलंग कुणी कापला, कुणी वाळवला, हे तुला कधीच दिसणार नाही. तुमच्यामध्ये वेबसाइट आहे, गोदाम आहे, ट्रकवाला आहे आणि तो फोनवरचा मुलगा आहे. म्हणून तर कागद लागतो.

एक शंका तू विचारली नाहीस, पण मनात असेल: पीठ पडणाऱ्या पलंगावर झोपायचं का? खुशाल झोपा. हा भुंगेरा माणसाला चावत नाही. पण घरात दुसरं कच्चं, बिनपॉलिशचं लाकूड असेल, पोळपाट-लाटणं, बांबूच्या टोपल्या, तर ते त्या खोलीतून हलवा, कारण बांबूतही त्याला हवा तो स्टार्च असतो.

मेलचा मसुदा आधी मला पाठव. इंग्रजीत लिहिलास तरी चालेल, ताईची मुलगी म्हणून इंग्रजीच्या चुका काढणार नाही, लाकडाच्या तेवढ्या काढीन. पेस्ट कंट्रोलवाला येईल तेव्हा मला व्हिडिओ कॉल लाव, भोकं कुठल्या बाजूला आहेत ते मला स्वतःला बघायचंय. जावईबापूंना नमस्कार.

तुझा
मामा