पहिल्याच प्रारंभी संगणक अडला तर…

लिनक्स ही युनिक्सच्या धर्तीची संगणकप्रणाली होय. तिचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये प्रथम उपलब्ध करून दिला. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही याच कुळातील आहे. शाळेत अथवा कार्यालयात अशी प्रणाली नव्याने बसविल्यावर संगणक कधी कधी पहिल्याच प्रारंभी अडतो. त्या वेळी घाईने डिस्कची पुन्हा विभागणी करण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. विद्यार्थ्यांच्या नोंदी व हिशेब जुन्या विभागात असल्यास ते कायमचे गमावण्याचा धोका असतो.

डिस्कची विभागणी म्हणजे शेताचे हिस्से पाडण्यासारखेच आहे. हिश्श्यांची नोंद डिस्कच्या आरंभी एका तक्त्यात असते. जुन्या एमबीआर पद्धतीत चारच मुख्य विभाग नोंदविता येतात. नव्या जीपीटी पद्धतीत सामान्यतः १२८ विभागांची सोय असून तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी राखलेली असते.

दोष पुढील क्रमाने शोधावा :

१. प्रणाली बसविण्यासाठी वापरलेला पेनड्राइव्ह काढावा आणि संगणक योग्य डिस्कवरून सुरू होतो किंवा नाही, हे बायोसमध्ये पाहावे.

२. यंत्र यूईएफआय पद्धतीने सुरू होत असल्यास डिस्कवर फॅट-३२ रचनेचा लहानसा ईएफआय विभाग असावा लागतो. प्रणाली बसविताना एक पद्धत आणि सुरू करताना दुसरी, असे झाल्यास प्रणाली सापडत नाही.

३. ‘ग्रब’ची निवडयादी दिसूनही काम पुढे थांबत असल्यास ‘एफएसटॅब’ ही फाइल तपासावी. विभाग फॉरमॅट केला की त्याची ओळखखूण बदलते. फाइलमध्ये जुनीच खूण राहिल्यास प्रणाली त्या विभागाची, सामान्यतः ९० सेकंद, वाट पाहत राहते.

तपासणीसाठी पेनड्राइव्हवरील प्रणाली सुरू करून ‘एलएसबीएलके’ व ‘बीएलकेआयडी’ या आज्ञा द्याव्यात. पहिलीने विभागांची यादी मिळते, दुसरीने त्यांच्या ओळखखुणा. या आज्ञा डिस्कवरील माहितीस धक्का लावीत नाहीत.

तक्त्यातील नोंद चुकून पुसली गेली, तरी विभागातील माहिती तत्काळ नष्ट होत नाही. सातबाऱ्यावरील नोंद खोडली म्हणून उभे पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. मात्र त्या जागेवर नवे लेखन झाल्यास माहिती परत मिळणे दुरापास्त होते. यास्तव डिस्कवरील लेखन त्वरित थांबवून जाणकाराचे साहाय्य घ्यावे. विभागणीस हात लावण्यापूर्वी आवश्यक माहितीची प्रत दुसऱ्या डिस्कवर घेणे, हाच सर्वांत सुरक्षित उपाय होय.