वणव्याच्या धोक्याचा नकाशा आणि गावाची माहिती

बुलढाणा जिल्ह्यात वणव्याचे दिवस म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापासून मृगाच्या पावसापर्यंतचे. या काळात अजिंठ्याच्या रांगेतील ज्ञानगंगा अभयारण्यात आणि उत्तरेस सातपुड्यातील अंबाबरव्यात वाळलेल्या पानांचा व गवताचा थर जमिनीवर साचलेला असतो. पूर्वी धूर दिसला म्हणजे धावावयाचे, एवढाच उपाय होता. आता आग कोठे लागण्याचा संभव अधिक, हे संगणकावरील भौगोलिक माहिती प्रणालीच्या साह्याने आधीच ठरविता येते.

एकाच शिवाराचे चार नकाशे पारदर्शक कागदावर काढून एकावर एक ठेवावेत, तसाच हा प्रकार होय. पहिल्यात झाडोरा, म्हणजे पानगळीचे रान कोठे व गवताळ माळ कोठे. दुसऱ्यात डोंगराचा उतार व त्याची दिशा. दक्षिणेकडील उतार उन्हाने लवकर वाळतो. शिवाय ज्वाळा वरच्या अंगाचे गवत आधीच तापवितात, म्हणून आग चढावर वेगाने पळते. तिसऱ्यात रस्ते, पायवाटा व वस्त्या. आपल्याकडील बहुतेक वणवे माणसाच्या हातूनच लागतात, तेव्हा हा नकाशा कोणी दुय्यम मानू नये. चौथ्यात मागील वर्षांच्या आगी. प्रत्येकास महत्त्वानुसार गुण देऊन बेरीज केली, की अधिक धोक्याचा भाग तांबडा दिसतो.

मागील आगींची नोंद उपग्रहांवरून मिळते, आणि येथेच एक उणीव राहते. या कामी वापरल्या जाणाऱ्या एका उपकरणाचा चौकोन ३७५ मीटरांचा, म्हणजे सुमारे ३५ एकरांचा असतो. रानाच्या काठचा पेटविलेला धुरा व त्यापलीकडे पेटलेले रान हे एकाच चौकोनात पडू शकतात. तसेच उपग्रहाच्या दोन फेऱ्यांमध्ये लागून विझलेली आग त्यास दिसतच नाही.

धुरे व पऱ्हाट्या केव्हा जाळतात, मोहफुले वेचण्यासाठी कोणत्या झाडांखालचा पाला पेटवितात, हे गावास मात्र ठाऊक असते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी जानेवारीअखेर वनरक्षकासह हद्दीवरून फिरून अशा जागांची खूण नकाशावर करावी. ही खूण जागेची आहे, कोणा माणसाची नव्हे, हे ग्रामसभेत आधी स्पष्ट सांगावे. अन्यथा खरी माहिती कोणीही देणार नाही. राखीव वनास धोका पोहोचेल अशी आग पेटती ठेवणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये गुन्हा असल्याने लोकांच्या मनात भीती असते, आणि ती स्वाभाविक आहे. रानालगतच्या शेतकऱ्यांनी पऱ्हाट्या न जाळता त्यांचे बारीक तुकडे करून कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात.

डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे नोंदणी करणाऱ्या कोणाही नागरिकास आगीची सूचना भ्रमणध्वनीवर मिळते. सूचना येताच वनरक्षकास कळवावे. आणि आग विझल्यावर ती रानात लागली होती की धुऱ्यावर, हे त्याच नकाशावर तारखेसह टिपून ठेवावे.