जर्मनीतलं लाइट बिल: पैसे भरण्याआधी मीटर पाहा

जर्मनीत लाइट बिल वर्षातून एकदा येतं. दर महिन्याला खात्यातून जाते ती रक्कम आगाऊ हप्ता असते. इथे तिला आबश्लाग म्हणतात. आधीच्या भाडेकरूचा वापर किंवा घरातली माणसं बघून वीज कंपनी अंदाज बांधते आणि हप्ता ठरवते. वर्ष संपलं की रीडिंग घेऊन हिशेब होतो. वापर कमी निघाला तर पैसे परत मिळतात, जास्त निघाला तर फरक एकरकमी भरावा लागतो. महाराष्ट्रात महिन्याच्या महिन्याला बिल हातात पडतं, त्यामुळे काही गडबड असेल तर लगेच डोळ्यांत भरते. इथे मात्र वर्षभर काहीच कळत नाही. पुण्या-नाशिकहून नोकरीसाठी येणाऱ्या मुलामुलींना हे कोणी आधी सांगत नाही, म्हणून आमच्या घरात घडलेलं लिहिते आहे.

आम्ही श्टुटगार्टला राहतो. मर्सिडीज आणि बॉश इथल्याच. एकीचा कारखाना चाकणला, दुसरीचा नाशिकला. त्यामुळे मराठी माणसांची ये-जा इथे सततची. आमची इमारत जुनी, चार मजल्यांची. सगळ्या घरांचे मीटर तळघरात एकाच फळीवर ओळीनं लावलेले. घर ताब्यात घेताना घरमालकानं यादी करून दिली होती. भिंतींवरचे डाग, किल्ल्या, आणि शेवटी विजेच्या मीटरचा क्रमांक व त्या दिवसाचं रीडिंग. आम्ही त्या क्रमांकावर करार केला, हप्ता ठरला ७० युरो.

वर्षाचा हिशेब २०२४ मध्ये आला. वापर ४,१०० युनिट, फरकाची रक्कम साधारण ८५० युरो, आणि पुढचा हप्ता ७० वरून थेट १४०. घरात आम्ही दोघं. आंघोळीचं पाणी आणि घर तापवणं इमारतीच्या सामायिक गॅस बॉयलरवर, म्हणजे विजेवर त्याचा भार नाही. अशा घरात दोन माणसांना वर्षाला दोन हजारांच्या आसपास युनिट लागतात. दुप्पट वीज गेली कुठे, हे आम्हांला समजेना. यजमान म्हणाले, जुना फ्रिज असेल. पण एक फ्रिज वर्षात दोन हजार युनिट खात नाही.

खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींनी मार्ग दाखवला. त्या म्हणाल्या, घरातले सगळे फ्यूज खाली पाडा आणि तळघरात जाऊन मीटर बघा. आम्ही तसं केलं. घरात पूर्ण अंधार, फ्रिजसुद्धा बंद, आणि तळघरात आमच्या नावावरच्या मीटरची चकती फिरतच होती. थांबली होती ती शेजारच्या मीटरची. इमारतीच्या देखभालीचा माणूस, ज्याला इथे हाउसमाइस्टर म्हणतात, त्याला बोलावून त्याच्यासमोर पुन्हा तेच करून पाहिलं. मग उलगडा झाला. कधीतरी दुरुस्तीच्या वेळी फळीवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती आणि वरच्या मजल्यावरच्या घराची वीज आमच्या खात्यावर मोजली जात होती. जुन्या इमारतींत हे वाटतं तितकं दुर्मीळ नाही. म्हणून नव्या घरात गेल्यावर पहिल्याच आठवड्यात फ्यूज पाडून आपला मीटर खरोखर आपलाच आहे का, हे तपासा. पाच मिनिटांचं काम आहे.

पुढचा भाग जास्त त्रासाचा होता. आम्ही वीज कंपनीला पत्र पाठवलं. उत्तर आलं की रीडिंग जाळ्याच्या चालकाकडून आलेलं आहे, ते बरोबर आहे, रक्कम भरावी. इथली रचना नीट समजून घ्यायला हवी. वीज विकणारी कंपनी एक, तारांचं जाळं सांभाळणारी दुसरी, आणि मीटर बसवणारी व मोजणी करणारी कधीकधी तिसरीच. करार फक्त पहिलीशी असल्यामुळे तक्रार तिच्याकडेच करायची, पण मीटरचा माणूस तिच्याकडे नसतो. त्यामुळे पत्र दोघांना पाठवावं, विकणाऱ्या कंपनीला आणि मीटर चालवणाऱ्या कंपनीला. दुसऱ्या पत्रात आम्ही भावनेचा एक शब्दही लिहिला नाही. ग्राहक क्रमांक, दोन्ही मीटरचे क्रमांक, तारखेसह फोटो, घर ताब्यात घेतानाच्या यादीची प्रत, हाउसमाइस्टरची सही, आणि स्पष्ट मागणी: मीटरची जोडणी तपासा आणि बिल नव्यानं काढा. शेवटी एक ओळ, की मुदतीत उत्तर न आल्यास श्लिष्टुंग्सश्टेले एनर्गीकडे जाऊ.

ही संस्था प्रत्येकानं लक्षात ठेवावी. बर्लिनमध्ये असलेलं हे वीज आणि गॅस ग्राहकांसाठीचं लवाद केंद्र आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करायची. कंपनीला उत्तरासाठी चार आठवडे असतात. त्यात प्रश्न सुटला नाही तर केंद्राकडे अर्ज करता येतो आणि घरगुती ग्राहकाला त्याचा काहीही खर्च येत नाही. आमच्यावर तिथे जायची वेळ आली नाही. मीटर कंपनीचा तंत्रज्ञ आला, जोडणी तपासली, चूक नोंदवली. नवं बिल निघालं तेव्हा आमची बाकी होती बारा-तेरा युरो.

या प्रकरणाची दुसरी बाजूही आहे आणि ती माझ्या मनाला लागून राहिली. वरच्या मजल्यावर दोन लहान मुलांचं कुटुंब राहतं. आमच्या मीटरवर त्यांचा हिशेब झाल्यामुळे त्यांना आधी पैसे परत मिळाले होते, आणि आता नव्या बिलानं एकदम मोठी रक्कम मागितली. त्यांचाही दोष काहीच नव्हता. त्यांना मी तेच सांगितलं जे सगळ्यांना सांगते: एवढी रक्कम एकदम देणं शक्य नसेल तर हप्ते मागा, आणि लेखी मागा. त्यांना हप्ते मिळाले.

आपल्या लोकांची खरी अडचण मीटर ही नसते, भीती ही असते. कोल्हापूरच्या एका मुलाला हजाराहून जास्त युरोंचं बिल आलं आणि त्यानं ते मुकाट भरलं. मी विचारलं तर म्हणाला, "काकू, व्हिसा रिन्यू करायचाय. उगाच लफडं नको." त्याच्या घरात आधीच्या भाडेकरूचं शेवटचं रीडिंग कोणी घेतलंच नव्हतं. कंपनीनं अंदाजानं कमी आकडा धरला होता, आणि त्या भाडेकरूनं वापरलेली वीज याच्या माथी आली होती. घर ताब्यात घेतानाच्या यादीत खरा आकडा लिहिलेला होता. ती यादी जोडून पत्र लिहिलं आणि त्याचे पैसे परत आले. भरलेले पैसे परत मागता येतात. असा दावा ज्या वर्षी उभा राहतो, ते वर्ष संपल्यापासून साधारण तीन वर्षं त्याची मुदत असते. तेवढा काळ कागद जपून ठेवा.

बिलावर लेखी हरकत घेतल्यामुळे व्हिसा अडत नाही. दुसरी भीती शुफाची. लोकांची पतनोंद ठेवणारी ही संस्था, आणि घरमालक तिचा दाखला मागतात. पण ज्या थकबाकीवर ग्राहकानं हरकत घेतलेली आहे, ती साध्या स्मरणपत्रांच्या आधारे शुफाकडे नोंदवता येत नाही. म्हणजे गप्प बसून पैसे न देणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं. हरकत नोंदवणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. जेवढा वापर आपल्याला मान्य आहे तेवढ्याचे पैसे मात्र वेळेवर भरावेत. खात्यातून परस्पर वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत बँकेला सांगून परत फिरवता येते, पण ते पत्र पाठवल्यानंतरच करा, आधी नाही. जर्मन पत्र लिहायला धीर होत नसेल तर प्रत्येक राज्यात फरब्राउखरत्सेन्ट्राले ही ग्राहक सल्ला संस्था आहे. तिथले लोक बिल वाचून दाखवतात आणि पत्राचा मजकूरही सुचवतात.

आता खर्चाबद्दल. आपल्याकडे जितके युनिट जास्त तितका दर चढत जातो. इथे टप्पे नाहीत. पहिल्या युनिटला आणि शेवटच्या युनिटला दर तोच, साधारण ३५ ते ४० सेंट, शिवाय दरमहा ठरावीक मूळ आकार. त्यामुळे मोठा खर्च कोणत्या उपकरणाचा, हे ओळखणं सगळ्यांत महत्त्वाचं. घर घेताना एकच प्रश्न नक्की विचारा: गरम पाणी कशावर? अनेक घरांत न्हाणीघराच्या भिंतीवर डुर्शलाउफएरहित्सर असतो, म्हणजे पाणी वाहतानाच तापवणारं यंत्र. आपल्याकडचा गीझर दोन-तीन किलोवॅटचा. हा १८, २१ किंवा २४ किलोवॅटचा. २१ किलोवॅटवर पूर्ण क्षमतेनं दहा मिनिटं शॉवर चालला तर साडेतीन युनिट जातात, म्हणजे सव्वा ते दीड युरो. चौघांच्या घरात रोजच्या आंघोळीचे वर्षाला किती होतात, ते प्रत्येकानं कागदावर मांडून बघावं. यंत्रावर तापमान ठरवण्याची सोय असेल तर ते ३८-४० अंशांवर ठेवा. ५५ वर तापवून वर गार पाणी मिसळणं म्हणजे पैसे वाया घालवणं. भाड्यात गरम पाणी धरलं आहे की नाही, हे करारातच बघायचं. 'उबदार भाडं' म्हणून सांगितलेल्या रकमेत घराची वीज बहुधा नसते.

दुसरा मोठा खर्च विजेवर चालणाऱ्या सुट्या हीटरचा. २०२२ मध्ये गॅस महागला तेव्हा लोकांनी ते धडाधड विकत घेतले. दोन किलोवॅटचा हीटर रोज पाच तास लावला तर दिवसाला दहा युनिट, महिन्याला शंभराहून जास्त युरो. त्यापेक्षा इमारतीचं हीटिंग जवळजवळ नेहमीच स्वस्त पडतं. चार्जर आणि एलईडी दिव्यांची काळजी करण्यात काही अर्थ नाही. मिक्सर इथेही २३० व्होल्टवर चालतो, फक्त पिन बदलावी लागते. कुकर इंडक्शनवर चालणाऱ्या बुडाचा असला की डाळ-भाताला वीज फार कमी लागते.

गावाकडून आई-बाबा तीन महिन्यांसाठी येतात, हिवाळा असेल तर घर दिवसभर वापरात राहतं, आणि त्याचा आकडा थेट वर्षअखेरीच्या बिलात दिसतो. अशा वेळी हप्ता आपणच वाढवून घ्यावा. बहुतेक कंपन्यांच्या खात्यात तो बदलता येतो. मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला मीटरचा फोटो काढते. डिजिटल मीटर असेल तर आकड्याआधी १.८.० ही खूण दिसते, वापराचा आकडा तोच. स्वल्पविरामानंतरचा आकडा कंपनीला कळवायचा नाही, नाहीतर वापर दहापट दिसतो. अशा मीटरवर कालचा किंवा गेल्या महिन्याचा वापरही बघता येतो. त्यासाठी मीटर चालवणाऱ्या कंपनीकडून पिन मागवायचा आणि टॉर्चचा उजेड मीटरवर टाकत तो भरायचा.

कराराबाबत थोडं. काहीच करार न करता दिवा लावला तर आपोआप स्थानिक मूळ पुरवठादाराचे ग्राहक होतो. वीज मिळते, पण बहुधा महाग. तिथून दोन आठवड्यांच्या नोटिशीवर बाहेर पडता येतं. ६ जून २०२५ पासून नियम बदलला आहे: पूर्वी घरात राहायला गेल्यावर काही आठवड्यांनी मागच्या तारखेपासून करार नोंदवता यायचा, आता येत नाही. राहायला जाण्याआधीच नोंदणी करा. त्यासाठी लागणारा ११ अंकी जागा-क्रमांक घरमालकाकडून किंवा आधीच्या भाडेकरूच्या बिलावरून मिळतो. तुलना करणाऱ्या साइटवर बोनस दाखवतात, तो पहिल्या वर्षापुरता असतो. दुसऱ्या वर्षीचा दर वेगळा वाचा. दारावर येणाऱ्या विक्रेत्याला मीटर क्रमांक दाखवू नका, तेवढ्यावर परस्पर करार बदलल्याची उदाहरणं आहेत. तसं झालंच तर १४ दिवसांत लेखी माघार घेता येते.

देश सोडताना मीटरचा शेवटचा आकडा घरमालकासमोर नोंदवा, कंपनीला भारतातला पत्ता आणि ईमेल द्या, आणि बँक खातं लगेच बंद करू नका. अंतिम हिशेब कंपनीनं सहा आठवड्यांत द्यायचा असतो आणि शिल्लक दोन आठवड्यांत परत करायची असते. खातं बंद असेल तर ती कुठे पाठवणार? कित्येकांचे पैसे केवळ यामुळे इथेच राहतात.

आपल्यापैकी जे इथे वर्षानुवर्षं राहत आहेत, त्यांना एक विनंती. तुमच्या ओळखीचा कोणी नवा मुलगा किंवा मुलगी घर घेत असेल, तर किल्ल्या मिळण्याच्या दिवशी तासभर काढून त्यांच्याबरोबर तळघरात जा. जर्मन येणारं एक माणूस शेजारी उभं असलं की मीटरचा आकडा बरोबर लिहिला जातो, आणि पुढे पत्र लिहायची वेळ आली तर ती मुलं घाबरत नाहीत.