ब्रॉडबँड जोडणीतील क्षीणन : आकडा कसा वाचावा?

बीड जिल्ह्यातील श्रीक्षेत्र नारायणगड ‘धाकटी पंढरी’ म्हणून ओळखले जाते. गडाच्या परिसरासारख्या ग्रामीण भागात ब्रॉडबँडचा वेग मंदावला की शाळेतील ऑनलाइन पाठ खोळंबतो, ग्रामपंचायतीतील दाखल्यांचे काम अडते. परंतु दोष कोठे आहे, हे उमगत नाही. त्याचा माग मोडेममधील एका नोंदीवरून काढता येतो.

तारेतून जाताना संदेशाची शक्ती घटते. या घटीस क्षीणन म्हणतात. ती डेसिबेलमध्ये मोजतात. ३ डेसिबेल घट म्हणजे शक्ती निम्मी. १० म्हणजे एक दशांश. २० म्हणजे एक शतांश.

तांब्याच्या तारेवरील जुन्या एडीएसएल पद्धतीत दर किलोमीटरला सुमारे १४ डेसिबेल घट धरीत. म्हणजे दूरध्वनी केंद्र ४ किलोमीटर दूर असल्यास सुमारे ५६ डेसिबेल. तेथे अंतर हेच मुख्य कारण असे.

काचतंतूच्या जोडणीत ही घट दर किलोमीटरला सुमारे पाव डेसिबेलच असते. मात्र एका तंतूतील प्रकाश ३२ जोडण्यांत वाटणाऱ्या विभाजकात सुमारे १७ डेसिबेल खर्ची पडतात.

येथे मोडेम बहुधा क्षीणन न दाखविता पोहोचलेली शक्ती ‘आरएक्स पॉवर’ या नावाने दाखवितो. १ मिलिवॅट शक्ती म्हणजे शून्य. त्याहून कमी शक्ती ऋण आकड्यांत येते. समजा, केंद्रातून अधिक ३ इतकी शक्ती निघाली. ८ किलोमीटर तंतूत २, विभाजकात १७ व जोडांत २, अशी २१ डेसिबेल घट झाली, तर मोडेमवर उणे १८ दिसेल. पुढे तोच आकडा उणे २५ झाला, तर शक्ती पूर्वीच्या एक पंचमांशावर आली. अंतर तर वाढलेले नाही! तेव्हा तंतूला पडलेला बाक, मळलेला जोड किंवा सदोष सांधा तपासावयास हवा. साधारणतः उणे २७ च्या खाली जोडणी टिकत नाही.

आकडा पूर्वीइतकाच असून वेग मंद असेल, तर दोष बहुधा घरातील वायफायमध्ये वा पुढील जाळ्यात असतो.

म्हणून जोडणी मिळताच हा आकडा तारखेसह नोंदवहीत लिहून ठेवावा आणि तक्रार करताना जुना व नवा असे दोन्ही आकडे द्यावेत. मात्र तंतूचे टोक स्वतः उघडू नये व त्यात डोकावून पाहू नये. त्यातील अदृश्य प्रकाश डोळ्यांस अपायकारक ठरू शकतो.