स्फोटानंतर ‘सुखरूप’ राहिलेल्यांची जखम

नागपूरच्या गांधीबागेतील कापडबाजारात गठ्ठे वाहणारा हमाल आणि अमरावती मार्गावरील स्फोटकांच्या कारखान्यात पाळीवर जाणारी खेड्यातील स्त्री यांच्यात वरवर पाहता फारसे साम्य नाही. परंतु दोघांच्याही कामाच्या जागी आग लागली वा स्फोट झाला, तर मोजदाद होते ती मृतांची, जखमींची आणि नष्ट झालेल्या मालाची. जे धडधाकट बाहेर आले त्यांची नोंद ‘सुखरूप’ अशी होते. हा शब्द पुष्कळदा घाईने वापरला जातो.

१७ डिसेंबर २०२३ रोजी सकाळी नागपूर जिल्ह्यातील बाजारगाव येथील सोलर इंडस्ट्रीजच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत सहा स्त्रिया होत्या. पुढे सहाच महिन्यांनी, १३ जून २०२४ रोजी, धामणा येथील स्फोटकांच्या कारखान्यात आणि २४ जानेवारी २०२५ रोजी भंडारा जिल्ह्यातील जवाहरनगरच्या आयुध निर्माणीत असेच स्फोट झाले. जवाहरनगरला आठ कामगार दगावले. अशा कारखान्यांतील कामगार आसपासच्या गावांतून येतात. जिच्या शेजारी बसून काम केले ती मैत्रीण गेली आणि काही दिवसांनी त्याच फाटकातून पुन्हा आत जायचे, हा प्रसंग ज्यांच्यावर येतो त्यांच्या मनाची अवस्था पगारपत्रकावर दिसत नाही.

कामगारांच्या या दुखण्याकडे वैद्यकशास्त्राचे लक्ष फार पूर्वीच गेले होते. १९०६ साली फ्रान्समधील कूरिएर येथील कोळसा खाणीत हजारावर माणसे मेली, तेव्हा वाचलेल्यांची मानसिक तपासणी स्टीअर्लिन या स्विस वैद्याने केली होती. आज ‘आघातोत्तर तणाव विकार’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्याधीला अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत मात्र १९८० मध्ये जागा मिळाली. घडलेला प्रसंग पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येणे, झोप उडणे, फटाक्याच्या वा भांडे पडल्याच्या आवाजानेही दचकणे, कामाचा रस्ता टाळणे, घरात अकारण चिडणे ही तिची लक्षणे होत. आपल्याकडील रुग्ण ‘मन बिघडले’ असे क्वचितच सांगतो. तो छातीतील धडधड, डोकेदुखी, हातापायांतील शक्ती गेल्याची तक्रार घेऊन दवाखान्यात जातो आणि शक्तिवर्धक गोळ्या घेऊन परततो. पाळी बदलून घेतल्यामुळे जो वाचला, त्याला तर स्वतःच्या जगण्याचीच लाज वाटू लागते. पुरुष कामगार पुष्कळदा दारूचा आधार घेतो. मग घरचे दारूला दोष देतात आणि मूळ दुखणे तसेच राहते.

बहुसंख्य लोक माणसांच्या आधाराने काही आठवड्यांत सावरतात. लक्षणे महिन्याहून अधिक टिकली तर मात्र तज्ज्ञाचा उपचार हवा. दरम्यान ‘काय पाहिलेस ते सांग’ असा आग्रह धरू नये. घडलेले सारे एकाच बैठकीत वदवून घेण्याच्या पद्धतीने लाभ होत नाही, प्रसंगी हानी होते, असे आता मानले जाते. जवळ बसावे, तो बोलेल तेवढे ऐकावे, जेवणाची, प्रवासाची, भरपाईच्या कागदपत्रांची अडचण दूर करावी. शाळेत अचानक गप्प झालेल्या मुलाच्या घरी काय घडले याची चौकशी शिक्षक करू शकतो. ग्रामपंचायत सदस्याला तर ती घरे ठाऊकच असतात. १९८४ च्या भोपाळ वायुदुर्घटनेनंतर मनोविकारतज्ज्ञ अपुरे पडले, तेव्हा सामान्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनाच हे विकार ओळखण्याचे शिक्षण देण्यात आले होते. प्राथमिक आरोग्य केंद्रांना तो धडा आजही उपयोगी आहे.

कायद्याची दृष्टी अजून शरीरावरच खिळलेली आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात हात, बोट, डोळा यांच्या हानीची टक्केवारी होती. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही तीच पद्धत ठेवली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मात्र २०१० च्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत आघातोत्तर तणाव विकाराचा समावेश केला आहे.

गांधीबागेसारख्या बाजारपेठेत अडचण आणखी मूलभूत आहे. मोठ्या कारखान्यात निदान हजेरीपट आणि सुरक्षा अधिकारी असतो. दुकानात मालाची वही चोख असते, पण त्या घटकेला माळ्यावर कोण होते हे तिच्यात सापडेलच असे नाही. आणि दुकान जळाले की रोजगारही जातो. उपचाराची जागा तेथून दूर नाही. मेयो या नावाने परिचित असलेले इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय जवळच आहे. खेड्यातील कामगारासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर ती दिवसरात्र मिळते आणि मराठीतून बोलता येते.