आधी छत पाहावं, मग फ्लॅश घ्यावा

कॅननचा 200डी मार्क 2 हातात घ्यावा आणि त्याच्या डोक्यावरच्या हॉट शूकडे, म्हणजे बाहेरचा फ्लॅश जिथे सरकवून बसवतात त्या धातूच्या खाचेकडे, नीट पाहावं. बहुतेक कॅमेऱ्यांत या खाचेच्या मधोमध एक मोठी गोल पिन असते आणि तिच्या आसपास काही बारीक पिना. 200डी मार्क 2 मध्ये बारीक पिना आहेत, मधली मोठी नाही. 3000डी मध्येही नाही. दिसायला एवढीशी गोष्ट. पण बाजारातले स्वस्त मॅन्युअल फ्लॅश आणि साधे रेडिओ ट्रिगर उडतात ते नेमके त्या मधल्या पिनेवर. ती नसली तरी फ्लॅश खाचेत घट्ट बसतो, चार्ज होतो, त्याचा लाल दिवा लागतो, टेस्टचं बटण दाबलं की लखलखतोसुद्धा. शटर दाबल्यावर मात्र ढिम्म.

खांदा कॉलनीतल्या एका तरुणावर ही वेळ आली ती नात्यातल्या साखरपुड्यात. फ्लॅश ऑनलाइन मागवलेला, सेल आदल्या रात्री चार्ज केलेले, घरी टेस्टचं बटणही दाबून पाहिलेलं. ऐन अंगठ्या घालायच्या वेळी फ्लॅश गप्प. मग सगळे फोटो कॅमेऱ्याच्या अंगच्या इवल्याशा फ्लॅशवर निघाले: पुढे बसलेल्यांचे चेहरे पांढरेफटक आणि मागची सजावट काळोखात. फ्लॅश बिघडलेला आला असं समजून त्याने तो परत केला, दुसरा मागवला. तोही तसाच. मग तो कॅमेरा घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आला, आणि हॉट शू खिडकीच्या उजेडात तिरपा धरल्यावर उलगडा झाला. दोन्ही फ्लॅश धडधाकट होते.

अशा कॅमेऱ्यावर कॅननचे स्वतःचे ई-टीटीएल फ्लॅश चालतात, कारण ते बारीक पिनांमधून कॅमेऱ्याशी बोलतात. मॅन्युअल फ्लॅश आधीच घेतलेला असेल आणि त्यात ऑप्टिकल स्लेव्हची सोय असेल, तर एक तोडगा आहे. कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश उघडायचा, बाहेरचा फ्लॅश बाजूला स्टँडवर किंवा कपाटावर ठेवायचा आणि त्याला एस2 मोडवर टाकायचं. अंगच्या फ्लॅशची पहिली चाचणी-चमक सोडून तो दुसऱ्या, खऱ्या चमकेबरोबर उडतो. घरच्या बारशाला हे जमून जातं. लग्नात नाही, तिथे पाहुण्यांच्या हातातले दहा फ्लॅश आपला फ्लॅश उडवत बसतात.

कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस मेगापिक्सेल विचारतो, झूम किती ते विचारतो, बॅग फुकट मिळेल का तेही विचारतो. फोटो कुठल्या उजेडात काढायचे आणि सामान कुठल्या हवेत राहणार, हे दोन प्रश्न क्वचितच निघतात. पनवेल परिसरात तर निवड ठरायला हवी ती याच दोन प्रश्नांवर. इथला छायाचित्रकार एका रविवारी मंगल कार्यालयात असतो, दुसऱ्या रविवारी कर्नाळ्याच्या गर्द झाडीत, आणि जून ते सप्टेंबर त्याचं सामान ओल धरणाऱ्या भिंतीला टेकलेल्या कपाटात.

आधी कार्यालयाचं. फ्लॅशच्या खोक्यावर गाईड नंबर छापलेला असतो. हा आकडा आयएसओ 100 ला मीटरमध्ये मोजतात. त्याला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागलं की फ्लॅशचा उजेड किती दूर पुरेल ते कळतं. गाईड नंबर 36 असेल आणि लेन्स एफ/4 वर, तर नऊ मीटर. ऐकायला भरपूर वाटतं. पण खोक्यावरचा मोठा, 60 वगैरे आकडा फ्लॅशचं डोकं पूर्ण झूम करून, सरळ समोर मारल्यावरचा असतो. चेहऱ्यावर मऊ उजेड पडावा म्हणून आपण तोच फ्लॅश छताकडे वळवतो. तेव्हा उजेड आधी वर जातो, तिथे पसरतो, बराचसा छतात जिरतो आणि उरलेला खाली येतो. छत पांढरं पीओपीचं आणि दहा-बारा फुटांवर असेल तर फोटो देखणे येतात. छत उंच असेल, किंवा वर लाल-निळं कापड ताणलेलं असेल, तर एक तर उजेड पोचत नाही, नाही तर नवरीच्या गालावर निळी झाक येते, जी नंतर संगणकावर काढता काढता जीव मेटाकुटीला येतो.

म्हणून काम घेण्याआधी कार्यालय पाहून यावं आणि मान वर करून छत पाहावं. छत वाईट असेल तर जवळच्या पांढऱ्या भिंतीवर फ्लॅश मारावा, किंवा फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढून छत्रीसह स्टँडवर लावावा. आयएसओ वाढवायला घाबरू नये: 100 वरून 400 केला की फ्लॅशची पोच दुप्पट होते आणि सेलही वाचतात. शटर 1/200 च्या पुढे न्यायचं तर हाय-स्पीड सिंक लागतं आणि त्यात फ्लॅशची ताकद बरीच घटते. कार्यालयात उलट खाली यावं; 1/60 ला मागचे दिवेही फोटोत उतरतात. सेल निकेल मेटल हायड्राइडचे, चार-चारचे दोन संच. साध्या अल्कलाइन सेलवर काही फोटोंनंतर फ्लॅश दम घेत बसतो आणि तेवढ्यात अक्षता पडून जातात.

लेन्सच्या बाबतीत निकॉनवाल्यांसाठी एक सावधगिरी. निकॉनचा एफ माऊंट 1959 पासूनचा, त्यामुळे जुन्या लेन्स भरपूर आणि स्वस्त. पन्नास मिलिमीटर एफ/1.8डी ही त्यातली लाडकी लेन्स. पण तिच्यात फोकसची मोटर नाही. ती मोटर कॅमेऱ्याच्या बॉडीत असावी लागते. डी7200, डी7500, डी750 मध्ये ती आहे. डी3500 आणि डी5600 मध्ये नाही. त्यांच्यावर ही लेन्स लागते, फोटोही निघतो, फोकस मात्र हाताने फिरवायचा. धावणाऱ्या लहान मुलांचे फोटो काढायचे असतील तर हे कामाचं नाही. तिथे एएफ-एस 50 एफ/1.8जी घ्यावी, चार पैसे जास्त पडले तरी.

आता कर्नाळा. पनवेलच्या दक्षिणेला मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेचं हे पक्षी अभयारण्य 1968 सालचं. क्षेत्रफळ जेमतेम 12 चौरस किलोमीटर, पण पावसाच्या तोंडावर इथे तिबोटी खंड्या येतो आणि त्याच्यासाठी मुंबई-पुण्याहून लोक येतात. चिमणीपेक्षाही छोटा, जांभळ्या-केशरी रंगाचा हा खंड्या ओढ्याकाठच्या मातीत बीळ करून पिलं वाढवतो. म्हणजे पक्षी छोटा, झाडी दाट आणि वर ढग. बॉडीबरोबर जोडीने मिळणाऱ्या 70-300 चं अ‍ॅपर्चर लांबच्या टोकाला एफ/5.6 किंवा एफ/6.3 वर येतं. त्या उजेडात 1/250 साठी आयएसओ सहज 6400 पर्यंत चढतो. एफ/2.8 च्या लेन्सला एफ/5.6 च्या चौपट उजेड मिळतो, पण तिच्या किमतीत दुचाकी येते.

मधला मार्ग म्हणजे 150-600 किंवा निकॉनची 200-500 एफ/5.6. दोन्ही दोन किलोच्या आसपास. ती विकत घेण्याआधी एखाद्या शनिवार-रविवारी भाड्याने घ्यावी. कर्नाळ्याची पायवाट चढताना खांदा काय म्हणतो ते कळतं, आणि एकपायी मोनोपॉड किती लागतो तेही. प्रस्तुत लेखकाचं मत असं की पहिली दोन वर्षं किट लेन्सवर सकाळी उघड्यावरचे पक्षी टिपावेत. लांब लेन्स त्यानंतर.

आणि उजेड कमी पडतो म्हणून घरट्यातल्या पक्ष्यावर फ्लॅश मारू नये. बिळाच्या तोंडाशी मासा घेऊन आलेला खंड्या बुजला की पिलं उपाशी राहतात. कुठलाही फोटो इतका मोलाचा नसतो. फांद्या मोडून जागा मोकळी करणारेही दिसतात. त्यांना तिथल्या तिथे हटकावं.

कर्नाळ्याला जाताना गाडीत एसी असतो. जुलैत दार उघडून गार लेन्स बाहेर काढली की काच क्षणात धुरकटते. ती रुमालाने पुसत बसू नये. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्यावा, किंवा अभयारण्य जवळ आलं की एसी बंद करून काचा उघडाव्यात.

खरा शत्रू मात्र बुरशी. कोकणपट्टीत पावसाळाभर हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या पुढे राहते. साठ-सत्तरच्या वर बुरशीला रान मोकळं. लेन्समध्ये ती आधी एखाद्या बारीक पांढऱ्या केसासारखी दिसते, मग कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. सुरुवातीला साफ होते. पुढे तिच्यातून स्रवणारं आम्ल काचेवरचं कोटिंग खातं, आणि मग साफ केली तरी डाग राहतो. अशी लेन्स दाखवायला आणणारा जवळपास प्रत्येक जण एकच सांगतो: बॅगेत नीट ठेवली होती. बॅगेचं अस्तर आणि फोमच ओल धरून बसतो! कपड्यांच्या कपाटात ठेवणं त्याहून वाईट, कारण तिथे डांबराच्या गोळ्या असतात. नॅप्थलीन किंवा कापराच्या गोळ्यांजवळ कॅमेरा ठेवू नये, असं निकॉनच्या माहितीपुस्तिकेतच छापलेलं आहे.

मोठा ड्राय कॅबिनेट परवडला तर उत्तमच. नाही तर घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि एक छोटा हायग्रोमीटर एवढ्यावर भागतं. काटा 40 ते 50 टक्क्यांवर ठेवावा. फार खाली गेला तर रबर आणि वंगण सुकतं. निळं जेल गुलाबी झालं की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. डब्यात तांदूळ घालण्याचा सल्ला ऐकू नये. भुकटी काचेवर बसते. फ्लॅशमधले सेल ठेवणीत जाण्याआधी काढावेत. आणि पावसाळ्यातही लेन्स आठवड्याला बाहेर काढून वापरावी. फिरणाऱ्या, उजेड पाहणाऱ्या लेन्सला बुरशी कमी लागते.

आता तर डीएसएलआर घेणारे बहुतेक जण जुना माल घेतात. कॅननचा 1डीएक्स मार्क 3 आणि निकॉनचा डी6 हे दोन्ही बडे कॅमेरे 2020 चे. त्यानंतर दोन्ही कंपन्यांनी सगळा जोर मिररलेसवर लावला. त्यामुळे चांगल्या बॉडी स्वस्तात सुटतात. खांदेश्वरहून हार्बरची लोकल थेट सीएसएमटीला जाते आणि तिथून बोरा बाजारातली कॅमेऱ्यांची दुकानं पायी गाठता येतात. जाताना खिशात छोटी टॉर्च आणि आपलं मेमरी कार्ड असावं. लेन्सच्या मागून टॉर्च मारून पुढून पाहावं. जाळं असेल तर तेव्हाच दिसतं. अ‍ॅपर्चर एफ/16 वर नेऊन आकाशाचा फोटो काढावा, म्हणजे सेन्सरवरची धूळ ठिपक्यांनी दिसते. शटर किती वेळा उडलंय ते निकॉनच्या फोटोतल्या माहितीतून काढता येतं. बहुतेक कॅननला वेगळं सॉफ्टवेअर लागतं. डी7200 चं शटर कंपनीने दीड लाखांपर्यंत तपासलेलं आहे, डी850 चं दोन लाखांपर्यंत. लाख उलटलेल्या डी7200 ला त्या हिशेबानेच किंमत द्यावी. सीरियल नंबर असलेलं पक्कं बिल घ्यावं.

पुढे मिररलेसवर जायचं मनात असेल तर लेन्स आजच त्या नजरेने निवडावी. कॅननच्या ईएफ लेन्स अ‍ॅडाप्टर लावून आरएफ माऊंटच्या बॉडीवर फोकससकट चालतात. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडाप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे वर सांगितलेली एफ/1.8डी तिथेही हातानेच फिरवावी लागते. एएफ-एस लेन्सना ती अडचण येत नाही.