काजूच्या बोंडाचें मद्य : कृति, हिशेब व कायदा

काजूच्या पिकांत दोन माल येतात; एक बी व दुसरें बोंड. बी विकली जाते, आणि बोंड बहुतेक बागांत झाडाखालींच कुजतें. बोंडाचें वजन बीच्या सुमारें पांच ते दहापट भरतें; म्हणजे वजनानें पाहतां आपण पिकाचा लहान भाग घरीं आणतों व मोठा टाकून देतों. पोर्तुगीज लोकांनीं सोळाव्या शतकांत हें झाड ब्राझीलकडून आणिलें. गोव्यांत याच बोंडापासून फेणी नांवाचें मद्य होतें, व शेजारच्या सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी जिल्ह्यांतील बागाइतदारांचें लक्ष तिकडे साहजिकच जातें. म्हणून ही कृति कशी आहे, तींत प्राप्ति किती व धोका कोठें, याचा विचार येथें करूं.

मूळ तत्त्व

गोड रस ठेविला असतां त्यांत किण्व नांवाचे सूक्ष्म जीव वाढतात व साखरेचा मद्यार्क आणि कर्बवायु बनवितात. यास आंबणें म्हणतात. मद्यार्क सुमारें ७८ अंश सेंटिग्रेड उष्णतेवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. त्यामुळें आंबलेला रस तापविला असतां निघणाऱ्या वाफेंत मद्यार्काचें प्रमाण रसांतल्यापेक्षां अधिक असतें. ती वाफ थंड केली कीं जोरदार द्रव मिळतो. हेंच ऊर्ध्वपातन. उसाच्या मळीपासून रम, द्राक्षांपासून ब्रँडी, जवापासून व्हिस्की व बोंडापासून फेणी होते. माल निराळा, तत्त्व एकच. भट्टी मद्यार्क उत्पन्न करीत नाहीं. रसांत झालेला वेगळा करिते, एवढेंच. रस बिघडलेला असेल तर भट्टी त्यास सुधारूं शकत नाहीं, हें वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

गोव्यांतील कृति

हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मे महिन्यापर्यंत चालतो. झाडावरून आपोआप गळलेलीं पिकलेलीं बोंडेंच घेतात. कच्चें बोंड तुरट असतें व त्यांत साखर कमी असते. बी पिळून काढल्यावर बोंडें कोळंबी नांवाच्या उथळ दगडी कुंडांत पायांनीं तुडवीत. आतां पुष्कळ ठिकाणीं दाबयंत्र वापरतात. चोथ्याचा गोळा बांधून त्यावर जड दगड ठेवितात, व त्यांतून रात्रभर जो स्वच्छ रस ठिबकतो त्यास नीरो म्हणतात.

तुडवून निघालेला रस मोठ्या मडक्यांत सुमारें तीन दिवस आंबूं देतात. वेगळें किण्व घालीत नाहींत, फळावरचें पुरतें. नंतर तो भाण नांवाच्या भांड्यांत तापवितात. पूर्वीं भाण मातीचें असे, पुढें तांब्याचें आलें. वाफ नळीनें निघून थंड पाण्याच्या योगानें द्रवते. पहिल्या उतारास उर्राक म्हणतात. त्यांत मद्यार्क शेंकडा सुमारें १५ असतो. उर्राक व आंबलेला रस एकत्र करून पुनः उतरविला म्हणजे फेणी होते. तिचा जोर शेंकडा ४० ते ४५ पर्यंत असतो. चांगल्या फेणीची बाटली हालविली असतां वर फेंस येतो. फेण या शब्दावरूनच हें नांव पडलें असें मानितात.

हिशेब

एक क्विंटल बी देणाऱ्या झाडांवर मध्यम मानानें सहा क्विंटल बोंडें धरूं. शेंकडा ६५ प्रमाणें सुमारें ३९० किलो रस, व त्यांत शेंकडा १० साखर धरिल्यास ३९ किलो साखर झाली. साखरेच्या वजनाच्या निम्म्याहून किंचित् अधिक मद्यार्क होतो. म्हणजे सुमारें २० किलो, अथवा २५ लिटर शुद्ध मद्यार्क. शेंकडा ४२ जोराच्या मद्यांत तो सुमारें ६० लिटर भरेल. ही कागदावरची कमाल मर्यादा होय. सांडणें, उडणें, नासणें व अपुरें आंबणें यांमुळें हातीं त्याहून पुष्कळ कमी येतें. शिवाय बोंड एक-दोन दिवसांतच नासतें, म्हणून वेंचणारे मजूर, वाहतूक व भट्टी यांची वेळ जमली नाहीं तर सगळा हिशेब फसतो.

विषाचा धोका

जून २०१५ मध्यें मुंबईंतील मालवणी येथें विषारी दारूनें शंभरांहून अधिक माणसें मेलीं. त्या दारूंत मेथॅनॉल होतें. हें कारखान्यांत लागणारें रसायन वासानें व चवीनें ओळखतां येत नाहीं. तें दृष्टि घालवितें व प्राण घेतें. फळांच्या रसांत तें अल्प प्रमाणांत आपोआप होतें. पण अशा दुर्घटनांचें कारण बहुधा बाहेरून मिसळलेलें मेथॅनॉल असतें. एकदां मिसळल्यावर तें साध्या भट्टींत खात्रीनें वेगळें करितां येत नाहीं. फेंसाची खूण मद्याचा जोर सांगते, विष सांगत नाहीं. म्हणून तपासणीशिवाय मद्य विकणें म्हणजे दुसऱ्याच्या जिवाचा जुगार खेळणें होय.

बाजाराची दिशा

अलीकडे जगाच्या बाजारांत गांवाच्या नांवानें ओळखलेल्या मद्यास मान मिळूं लागला आहे. फ्रान्सची कोन्याक व मेक्सिकोची टकीला हीं नांवें कायद्यानें राखिलेलीं आहेत. गोव्याच्या काजू फेणीस २००९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, व २०१६ सालीं गोवा सरकारनें फेणीस वारसा मद्याचा दर्जा दिला. तत्पूर्वीं ती देशी दारूच्या वर्गांत गणली जात असे. महाराष्ट्रांतहि मंत्रिमंडळानें २०२२ सालीं काजूचीं बोंडें व मोहाचीं फुलें यांपासून मद्य करण्याच्या धोरणास मान्यता दिली. मात्र फेणी हें नांव गोव्याचें आहे. सिंधुदुर्गांतील मालास तें लावितां येणार नाहीं. वेंगुर्ला काजूस स्वतःचें मानांकन आहे. तो मान बीचा आहे, मद्याचा नव्हे. नवीन मालास नवें नांव व नवी पत कमवावी लागेल.

कायदा व सूचना

मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा १८७८ सालचा. त्यानंतर १९४९ चा दारूबंदी कायदा आला, व तो महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम या नांवानें लागू आहे. परवान्याशिवाय मद्य करणें, बाळगणें किंवा विकणें हा गुन्हा असून भांडीं व वाहनेंहि जप्तीस पात्र होतात. धोरण जाहीर झालें म्हणजे प्रत्येकास परवाना मिळाला असें होत नाहीं, हें प्रस्तुत लेखक महसुली कचेरींतील दीर्घ अनुभवावरून निक्षून सांगतो. तेव्हां सूचना अशा :

१. घरीं अगर बागेंत भट्टी लावूं नये. राज्य उत्पादन शुल्क खात्याच्या जिल्हा कचेरींत विचारून लेखी उत्तर घ्यावें.

२. एकट्यानें भांडवल अडकवूं नये. पांच-दहा गांवांच्या बागाइतदारांनीं सहकारी संस्था काढून परवाना, तपासणी व विक्री एकत्र करावी.

३. परवानाधारक कारखान्यास बोंडें विकावयाचीं असल्यास भाव, वजन व उचलण्याची वेळ करारांत लिहून घ्यावी. माल नाशवंत आहे. उशीर झाला तर नुकसान विकणाऱ्याचें होतें.

४. ज्यांस मद्याचा व्यवसाय नको त्यांनीं सरबत व पाक यांचा विचार करावा. बोंडांत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कित्येक पट असतें. तुरटपणा काढण्याची कृति दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठांत अथवा त्याच्या वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रांत विचारावी.

शेवटीं एक गोष्ट. जें मद्य बाजारांत पैसा आणतें तेंच घरांत आलें तर सातबारा गहाण पडतो, हें गांवोगांव दिसतें. माल विकावा, त्याचें गिऱ्हाईक आपण होऊं नये. इतकें पाळून, वेंच, स्वच्छता व कागदपत्र यांत दक्ष राहील त्याच्या हातीं आज झाडाखालीं कुजणाऱ्या बोंडाचे चार पैसे येतील.